प्युअर कल्चर हाती आलं, आता जिवाणू ओळखायचा कसा?

प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेल्याच्या हाती बहुतेक वेळा चाचण्यांची एक भलीमोठी यादी पडते. कॅटालेज, ऑक्सिडेज, इंडोल, सायट्रेट, युरियेज. प्रत्येक चाचणी कशी लावायची ते तिच्यात नीट दिलेलं असतं. कोणती आधी लावायची, कोणत्या निकालानंतर कोणती लावण्यात अर्थच उरत नाही आणि आलेला निकाल कधी बाजूला ठेवायचा, हे मात्र सहसा कुठे लिहिलेलं नसतं. जुने लोक ते बघून बघून शिकलेले असतात. हा लेख त्या न लिहिलेल्या भागासाठी.

माझं मत आधीच सांगून टाकते. चुकलेल्या ओळखीचा माग काढत गेलं, तर दोष शेवटच्या महागड्या चाचणीत क्वचितच सापडतो. कल्चर शुद्ध नसतं (म्हणजे त्यात एकाहून जास्त प्रकारचे जिवाणू असतात), ग्रॅम रंजनाचा रंग चुकीचा वाचलेला असतो, नाहीतर ऑक्सिडेज फसलेलं असतं. म्हणून जास्त जागा या सुरुवातीच्या पायऱ्यांनाच दिली आहे.

इथे गृहीत धरलेत ते नेहमीच्या माध्यमांवर (जिवाणू वाढवण्याच्या पोषक पदार्थांवर), हवेत, एक-दोन दिवसांत वाढणारे जिवाणू. क्षयरोगाचे जिवाणू आणि ऑक्सिजन न सोसणारे जिवाणू यांची पद्धत वेगळी, ते यात नाहीत.

काय काय जवळ हवं

- न्यूट्रिअंट अगार, ब्लड अगार आणि मॅकॉन्की अगारच्या ताज्या प्लेट. साठवणीतल्या असतील तर वापरण्याआधी पृष्ठभागावरचं पाणी सुकवून घ्या.
- ग्रॅमचा संच: क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन-अल्कोहोल, सॅफ्रॅनिन.
- शंभरपट ऑइल इमर्शन भिंग असलेला सूक्ष्मदर्शक.
- ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ऑक्सिडेजच्या चकत्या किंवा ताजं द्रावण.
- प्लास्टिकचे लूप (टोकाला वेढा असलेल्या काड्या) किंवा निर्जंतुक लाकडी काड्या, आणि टोचण्यासाठी सरळ सुई.
- ट्रिपल शुगर आयर्न अगार, सायट्रेट, युरिया, ट्रिप्टोन ब्रॉथ, एमआर-व्हीपी (मिथाइल रेड आणि व्होगेस-प्रॉस्काउअर चाचण्यांचा) ब्रॉथ.
- माहितीचे कंट्रोल जिवाणू (ज्यांचा निकाल आधीच ठाऊक असतो): स्टॅफिलोकॉकस ऑरियस, ई. कोलाय आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा एवढे तरी हवेतच.
- वही. नमुना कुठून आला, माध्यमाचा लॉट क्रमांक, लावल्याची वेळ, वाचल्याची वेळ. शेवटच्या दोन नोंदी लोक गाळतात आणि पुढे त्याच लागतात.

कोट आणि हातमोजे घालून काम करा. प्लेट नाकाशी नेऊन वास घेण्याची सवय अजून पुष्कळ ठिकाणी दिसते. स्यूडोमोनासचा गोडसर वास प्रसिद्ध आहे खरा, पण तो घेऊ नका. उघड्या प्लेटवरून तुमच्या नाकात काय जाईल ते तुम्हाला अजून ठाऊक नाही, ते शोधायलाच तर बसला आहात.

१. कल्चर शुद्ध असल्याची स्वतः खात्री करा

ट्यूबवर "प्युअर" लिहिलेलं असलं तरी स्वतः स्ट्रीक करून (लूपने प्लेटवर रेघा ओढून) पाहा. एक सुटी कॉलनी (जिवाणूंच्या वाढीचा ठिपका) उचला, चार भागांत स्ट्रीक करा, प्रत्येक भागानंतर लूप बदला किंवा जाळून थंड करा. दुसऱ्या दिवशी सुट्या कॉलनी एकसारख्या दिसल्या, की त्यातली एक घेऊन पुन्हा तेच करा. दोन्ही वेळा एकच प्रकार दिसला तर पुढे जा.

इथला मोठा सापळा म्हणजे मॅकॉन्कीसारखं निवडक माध्यम. ते नको असलेल्या जिवाणूंची वाढ रोखतं, त्यांना मारतंच असं नाही. मॅकॉन्कीवर एकटी, देखणी दिसणारी कॉलनी तिच्या पायथ्याशी दबून बसलेला दुसरा जिवाणू घेऊन येऊ शकते. पोषक माध्यमावर नेली की तो डोकं वर काढतो. म्हणून शुद्धतेची परीक्षा नेहमी न्यूट्रिअंट किंवा ब्लड अगारवर घ्यायची.

प्रोटियसचं उलट आहे. ब्लड अगारवर तो लाटांसारखा पसरतो आणि त्याच्याखाली काय दडलंय ते दिसतच नाही. त्याला मॅकॉन्कीवर घ्या, तिथल्या पित्तक्षारांमुळे पसरणं थांबतं.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या: कोणतंही किट किंवा चाचण्यांचा संच लावला, की त्याच सस्पेन्शनचा (द्रवात मिसळलेल्या जिवाणूंचा) एक लूप पोषक प्लेटवर स्ट्रीक करून शेजारी ठेवा. दुसऱ्या दिवशी निकाल वाचण्याआधी ही प्लेट बघायची. तिच्यावर दोन प्रकार दिसले, तर बाकीचे सगळे निकाल कितीही सुबक आले असले तरी रद्द.

२. कॉलनीचं वर्णन लिहा, नाव लिहू नका

आकार, कड, उंची, रंग, चकाकी, चिकटपणा, आणि ब्लड अगारवर रक्तपेशींचं काय झालं ते. कॉलनीभोवती हिरवट छटा म्हणजे अल्फा, पूर्ण स्वच्छ वर्तुळ म्हणजे बीटा, काहीच नाही तर गॅमा. प्लेट उजेडासमोर धरून मागच्या बाजूने पाहा, वरून बघताना अल्फा आणि बीटा यांत गफलत होते.

मॅकॉन्कीवर गुलाबी कॉलनी म्हणजे लॅक्टोज आंबवणारा जिवाणू. पण या टप्प्यावर वहीत "बहुधा ई. कोलाय" असं लिहिलंत, की पुढचा प्रत्येक निकाल डोळे त्याच बाजूने वाचतात. अनुभवी लोकही याला अपवाद नाहीत.

३. ग्रॅम रंजन: इथे घाई नको

हान्स क्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये मांडलेली ही पद्धत अजूनही सगळ्या वाटा फोडणारी चाचणी आहे: जांभळा रंग धरून ठेवणारे ते ग्रॅम पॉझिटिव्ह, तो सोडून गुलाबी होणारे ते ग्रॅम निगेटिव्ह. १८ ते २४ तासांचं कल्चरच घ्या. जुन्या कल्चरमधल्या ग्रॅम पॉझिटिव्ह पेशींची भित्तिका कमकुवत होते, रंग धरत नाही, आणि बॅसिलससारखा जिवाणू गुलाबी दिसायला लागतो.

कृती अशी. स्लाइडवर पाण्याचा लहानसा थेंब घ्या, त्यात कॉलनीचा अगदी सुईच्या टोकाएवढा अंश मिसळा. हा पातळ थर, म्हणजे स्मिअर, हवेत वाळू द्या, मग ज्योतीवरून दोन-तीनदा भरभर फिरवा. क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, धुवा. आयोडीन १ मिनिट, धुवा. स्लाइड तिरपी धरून अल्कोहोलचे थेंब सोडा, खाली येणारा द्रव रंगहीन झाला की त्या क्षणी पाण्याने धुवा. सॅफ्रॅनिन अर्धा ते १ मिनिट, धुवा, टिपून घ्या.

सगळा खेळ अल्कोहोलच्या त्या काही सेकंदांचा आहे. अ‍ॅसिटोन मिसळलेलं असेल तर रंग आणखी झटकन उतरतो, त्यामुळे एका बाटलीवर बसलेला हात दुसऱ्या बाटलीवर चुकतो. शिवाय स्मिअर जाड असेल तर मधला भाग जांभळा आणि कडा गुलाबी निघतात. मग पाहणारा म्हणतो, "मिश्र दिसतंय." मिश्र नसतं, फक्त जाड असतं. पेशी एकेकट्या पसरलेल्या आहेत अशाच जागा वाचा.

उपाय सोपा आहे. त्याच स्लाइडवर एका बाजूला स्टॅफिलोकॉकस ऑरियस, दुसऱ्या बाजूला ई. कोलाय आणि मध्ये तुमचा जिवाणू, असे तीन स्मिअर करा. पहिला जांभळा आणि दुसरा गुलाबी आला तरच मधल्याकडे बघायचं.

शंका उरली तर पोटॅशियम हायड्रॉक्साइडची चाचणी लावा. ३ टक्के द्रावणाच्या थेंबात कॉलनी घोळवा आणि अर्ध्या मिनिटाच्या आत लूप हळूच वर उचला. चिकट तार निघाली तर ग्रॅम निगेटिव्ह: त्यांची भित्तिका फुटून डीएनए बाहेर येतो, ती तार त्याची. अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा या बाबतीतला नामांकित ठग. ग्रॅम निगेटिव्ह असून जांभळा रंग धरून ठेवतो आणि गुबगुबीत असल्यामुळे कोकायसारखा (गोल जिवाणूंसारखा) दिसतो. त्याला या तारेवर पकडता येतं.

४. कॅटालेज आणि ऑक्सिडेज

दोन्ही चाचण्या त्या-त्या नावाचं एन्झाइम जिवाणूत आहे का ते पाहतात. दोन्ही काही सेकंदांत होतात आणि दोन्ही सहज फसवतात.

कॅटालेज: स्लाइडवर कॉलनीचा अंश ठेवा, त्यावर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाका, लगेच भरपूर बुडबुडे आले तर पॉझिटिव्ह. ब्लड अगारवरून कॉलनी घेताना खालचं अगार खरवडलं, तर लाल रक्तपेशींतलं कॅटालेज बुडबुडे देतं आणि स्ट्रेप्टोकॉकसचा स्टॅफिलोकॉकस होतो. कॉलनीचा फक्त माथा उचला. लोह असलेला लूपही बुडबुडे देऊ शकतो, म्हणून लाकडी काडी किंवा प्लास्टिक. काही एन्टेरोकॉकस अगदी मंद, उशिराने बुडबुडे देतात, त्याला पॉझिटिव्ह म्हणू नका. पेरॉक्साइडची बाटली उघडीच राहिली असेल तर ते विघटन पावून निकामी झालेलं असतं, तेव्हा रोज कंट्रोल लावा.

ऑक्सिडेज: चकतीवर कॉलनी घासा, १० सेकंदांच्या आत गडद जांभळा रंग आला तर पॉझिटिव्ह. मिनिटभराने येणारा जांभळा रंग हवेमुळे असतो. नायक्रोमच्या लूपने खोटा पॉझिटिव्ह येतो. मॅकॉन्कीवरची कॉलनी या चाचणीला कधीच वापरू नका. तिथलं आम्ल खोटा निगेटिव्ह देतं, आणि कॉलनीचा स्वतःचाच गुलाबी रंग वाचनात गोंधळ घालतो तो वेगळा. न्यूट्रिअंट किंवा ब्लड अगारवरचं ताजं कल्चर घ्या.

थांबायची जागा इथे आहे. अगदी बारीक, फिक्या रंगाचे ग्रॅम निगेटिव्ह कोकोबॅसिलाय (गोल आणि दंडाकार यांच्या मधले), दोन दिवसांनी कशाबशा दिसणाऱ्या कॉलनी, कॅटालेज, ऑक्सिडेज आणि युरियेज तिन्ही पॉझिटिव्ह: हे चित्र ब्रुसेलाचं असू शकतं. प्रयोगशाळेत काम करताना होणाऱ्या संसर्गांत ब्रुसेलाचं नाव कायम पुढे असतं, आणि स्वयंचलित यंत्रं त्याला दुसऱ्याच निरुपद्रवी जिवाणूचं नाव देऊ शकतात. असं काही दिसलं तर प्लेट टेपने बंद करा, टेबलावरचं काम थांबवा, वरिष्ठांना सांगा. किट लावत बसू नका. रक्तपेशी न फोडणारा, हालचाल न करणारा, दळलेल्या काचेसारख्या कॉलनीचा बॅसिलस दिसला तरी हाच नियम, कारण तो अँथ्रॅक्सचा असू शकतो.

५. ग्रॅम पॉझिटिव्ह कोकाय

कॅटालेज पॉझिटिव्ह आणि घोसात दिसतात: स्टॅफिलोकॉकस धरा, पण मायक्रोकॉकसही इथेच येतो. ०.०४ युनिट बॅसिट्रॅसिनच्या चकतीला मायक्रोकॉकस दबतो, स्टॅफिलोकॉकस दबत नाही.

मग कोअ‍ॅग्युलेज. हे प्लाझ्मा गोठवणारं एन्झाइम. स्लाइडवरची चाचणी झटपट होते, पण निर्णय ट्यूबवर घ्या. सशाचा ईडीटीए घातलेला प्लाझ्मा, ३७ अंश सेल्सिअस, पहिलं वाचन ४ तासांनी, निगेटिव्ह असेल तर २४ तासांनी पुन्हा. ४ तासांचं वाचन चुकवून थेट सकाळी बघणं ही नेहमीची चूक. काही स्टॅफिलोकॉकस ऑरियस आधी गाठ बनवतात आणि मग स्वतःच्याच एन्झाइमने ती विरघळवतात. तुम्ही पोचेपर्यंत ट्यूब पुन्हा पातळ झालेली असते. ट्यूब हलवू नका, अलगद तिरपी करून पाहा. नमुना प्राण्याचा असेल तर कोअ‍ॅग्युलेज पॉझिटिव्ह म्हणजे ऑरियसच असं नाही, स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियसही पॉझिटिव्ह येतो. कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह निघालेला जिवाणू मूत्राच्या नमुन्यातला असेल तर ५ मायक्रोग्रॅमची नोव्होबायोसिन चकती लावा, त्याला न जुमानणारा बहुधा स्टॅफिलोकॉकस सॅप्रोफिटिकस.

कॅटालेज निगेटिव्ह आणि साखळीत किंवा जोडीत: आता ब्लड अगारवरच्या नोंदी बाहेर काढा. बीटा असेल आणि पीवायआर (एका एन्झाइमची झटपट चाचणी) पॉझिटिव्ह तर स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनीस. बीटा आणि कॅम्प चाचणीत (स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या रेघेशेजारी स्ट्रीक करून रक्तपेशी कशा फुटतात ते पाहणं) बाणाच्या टोकासारखा आकार दिसला तर स्ट्रेप्टोकॉकस अ‍ॅगॅलॅक्टी. अल्फा असेल तर ५ मायक्रोग्रॅम ऑप्टोचिन: ६ मिलिमीटरच्या चकतीभोवती १४ मिलिमीटर किंवा जास्त मोकळी जागा म्हणजे न्यूमोकॉकस (स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनी). त्याहून कमी असेल तर पित्तक्षारात विरघळतो का ते पाहून मगच नाव द्या. ही प्लेट ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवायची असते, वर्तुळाची मापं त्याच परिस्थितीसाठी ठरवलेली आहेत. बाइल एस्क्युलिन माध्यम काळं पडलं आणि ६.५ टक्के मिठातही वाढ झाली तर एन्टेरोकॉकस.

६. ग्रॅम निगेटिव्ह दंडाणू

ऑक्सिडेज निगेटिव्ह आणि ग्लुकोज आंबवणारा असेल तर आतड्यातल्या जिवाणूंच्या मोठ्या कुळाकडे वळा. प्लेसिओमोनास हा त्या कुळातला ऑक्सिडेज पॉझिटिव्ह अपवाद. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह आणि आंबवणारा असेल तर व्हिब्रिओ, एरोमोनास. आंबवतच नसेल तर स्यूडोमोनास आणि त्याचे सोबती. अ‍ॅसिनेटोबॅक्टर आंबवत नाही आणि ऑक्सिडेजही निगेटिव्ह.

आंबवणं आहे की नाही हे ट्रिपल शुगर आयर्न अगार सांगतो, म्हणून मी हीच ट्यूब सगळ्यात आधी लावते. सरळ सुईने तळापर्यंत टोचा, वर येताना उतारावर (अगारच्या तिरप्या पृष्ठभागावर) रेघ ओढा, झाकण सैल ठेवा. ट्यूबमध्ये ग्लुकोज ०.१ टक्का, लॅक्टोज आणि सुक्रोज प्रत्येकी १ टक्का असतं. फक्त ग्लुकोज वापरणारा जिवाणू आधी सगळी ट्यूब पिवळी करतो. एवढंसं ग्लुकोज संपलं की उतारावर तो पेप्टोनकडे वळतो, अल्कली तयार होतं आणि उतार पुन्हा लाल होतो. तळ पिवळाच राहतो. लॅक्टोज किंवा सुक्रोज वापरता आलं तर आम्ल भरपूर, उतारही पिवळाच.

यावरून वाचनाची वेळ इतकी काटेकोर का ते कळेल: १८ ते २४ तास. ८-१० तासांनी पाहिलंत तर ग्लुकोजवालाही सगळा पिवळा दिसतो. दोन दिवसांनी पाहिलंत तर लॅक्टोजवाल्याचाही उतार लाल व्हायला लागलेला असतो.

- उतार पिवळा, तळ पिवळा, वायू: ई. कोलाय, क्लेब्सिएला यांच्या बाजूचा.
- उतार लाल, तळ पिवळा, काळा (हायड्रोजन सल्फाइड वायूमुळे येणारा रंग): साल्मोनेला किंवा प्रोटियस मिराबिलिस. युरियाची ट्यूब काही तासांतच गुलाबी झाली तर प्रोटियस.
- उतार लाल, तळ पिवळा, वायू नाही, काळा नाही: शिगेलाचा विचार करा.
- सगळं लाल, काही बदल नाही: आंबवत नाही, स्यूडोमोनासकडे जा.

काळ्या रंगाने तळ झाकला गेला तर तो पिवळाच धरायचा, कारण तो काळा रंग आम्ल असल्याशिवाय येत नाही.

मग इंडोल, मिथाइल रेड, व्होगेस-प्रॉस्काउअर, सायट्रेट ही चौकडी. ई. कोलायचा नमुना पॉझिटिव्ह, पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, निगेटिव्ह. क्लेब्सिएला न्यूमोनीचा बहुधा नेमका उलटा. क्लेब्सिएला ऑक्सिटोका मात्र इंडोल पॉझिटिव्ह असतो. तीन ठिकाणी जपा. मिथाइल रेड ४८ तासांआधी वाचू नका. व्होगेस-प्रॉस्काउअरमध्ये आधी अल्फा-नॅफ्थॉल आणि मगच पोटॅशियम हायड्रॉक्साइड. क्रम उलटला तर रंग फिका येतो किंवा येतच नाही. सायट्रेटवर अगदी हलका हात ठेवा आणि ब्रॉथमधून लावू नका, सोबत आलेल्या पोषकांवर जिवाणू वाढतो आणि सायट्रेट वापरल्याचा भास होतो.

७. ग्रॅम पॉझिटिव्ह दंडाणू

इथे थोडक्यात. मॅलाकाइट ग्रीनने स्पोअर (बीजाणू) दिसले तर बॅसिलसचं कुळ. स्पोअर नाहीत, कॅटालेज पॉझिटिव्ह, आणि अर्धघट्ट माध्यमात २५ अंशांना छत्रीसारखी वाढ असेल तर लिस्टेरिया. कॅटालेज निगेटिव्ह असेल तर लॅक्टोबॅसिलस आणि त्याचे भाऊबंद. याच्या पुढची ओळख ट्यूबवर करत बसणं मला तरी वेळेचा अपव्यय वाटतो, थेट पायरी ९ कडे जा.

८. तयार किट आणि यंत्रं

एपीआय २०-ई पट्टीत २० चाचण्या असतात. त्यात ऑक्सिडेज धरून २१. तीन-तीनचे सात गट, प्रत्येक गटात १, २, ४ असे गुण, त्यांच्या बेरजेतून सात आकडी कोड. पट्टी ज्या कुळासाठी बनवली त्याच कुळाचा जिवाणू तिच्यावर लावायचा. ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणू लावलात तरी कोड येतो, नावही येतं, फक्त ते खोटं असतं. काही खळ्यांवर तेल घालायचं असतं, ते विसरलं तर आर्जिनिन आणि लायसिनचे निकाल वाया जातात.

माल्डी-टॉफ यंत्र काही मिनिटांत नाव देतं. पेशींतल्या प्रथिनांचा, मुख्यतः रायबोसोमच्या प्रथिनांचा, वस्तुमानाचा आलेख ते साठवलेल्या आलेखांशी ताडून पाहतं. एका प्रचलित प्रणालीत २.० किंवा जास्त गुण आले तर प्रजाती, १.७ ते २.० मध्ये फक्त वंश. कॉलनीचा थर पातळ लावा, जाड थराला आलेख खराब येतो. ई. कोलाय आणि शिगेला या यंत्राला नेहमीच्या वापरात वेगळे करता येत नाहीत, न्यूमोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस मायटिस यांतही त्याची गल्लत होते. तिथे जुन्या ट्यूबच कामी येतात.

९. सोळा-एस जनुकाचं वाचन

रायबोसोमल आरएनएचं हे जनुक सुमारे १,५०० बेसचं आहे. कार्ल वोस यांनी १९७७ मध्ये याच आरएनएच्या तुलनेतून जीवसृष्टीची वेगळी मांडणी केली होती. २७-एफ आणि १४९२-आर ही प्रायमरची (प्रती बनवायला सुरुवात करून देणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्यांची) जोडी सर्रास वापरली जाते. डीएनए काढा, पीसीआर करा (जनुकाच्या असंख्य प्रती बनवा), जेलवर एकच पट्टी आली का पाहा, दोन्ही बाजूंनी सीक्वेन्स करून घ्या.

डीएनए न घातलेली कंट्रोल ट्यूब सक्तीची. पीसीआरच्या एन्झाइममध्येच जिवाणूचा डीएनए अंशरूपाने असू शकतो. आलेखात बऱ्याच ठिकाणी एकावर एक दोन शिखरं दिसली, तर कल्चर मिश्र असण्याचीच शक्यता जास्त. पायरी १ वर परत.

माहितीकोशात शोधताना सगळ्यात वर आलेलं नाव उचलू नका. तिथे कोणीही दिलेली, चुकीच्या नावाची नोंदही असते. टाइप स्ट्रेनशी (त्या प्रजातीच्या अधिकृत संदर्भ जिवाणूशी) तुलना करा. साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी असेल तर प्रजाती वेगळी मानतात. साम्य त्याहून जास्त असलं म्हणून प्रजाती एकच असं मात्र होत नाही: बॅसिलस सीरियस आणि बॅसिलस अँथ्रासिस या जनुकात जवळपास सारखेच आहेत.

१०. नाव लिहिणं आणि कल्चर जपणं

पुरावा जिथवर नेतो तिथवरच नाव लिहा. वंशापर्यंतच खात्री असेल तर "क्लेब्सिएला प्रजाती" लिहून थांबा. नावं बदलतात, हेही ध्यानात असू द्या. जुन्या तक्त्यांतला एन्टेरोबॅक्टर एरोजिनीस आता क्लेब्सिएला एरोजिनीस म्हणून सापडेल. अहवालात पद्धत, किटची आवृत्ती आणि कोड लिहा, म्हणजे नाव बदललं तरी निकाल पुन्हा लावता येतो.

त्याच दिवशी, त्याच शुद्ध प्लेटवरून, १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये दोन व्हायल भरून उणे ८० अंशांवर ठेवा. लेबल गोठणाऱ्या थंडीत टिकणाऱ्या शाईने लिहा, आणि बाजूला लिहा, झाकणावर नाही. झाकणं बदलली जातात. वापरलेल्या प्लेट आणि ट्यूब ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर घालून मगच टाकायच्या, पण गोठवलेली एक व्हायल पुन्हा उगवून बघेपर्यंत मूळ प्लेट त्यात जाऊ देऊ नका.